रागाला गाडीची वेळ कळते

एमिल झोला या फ्रेंच कादंबरीकारावर त्याच्या हयातीतच दोन आरोप झाले आणि दोन्ही त्याला आजवर चिकटून आहेत. एक, तो घाण लिहितो. दुसरा, तो खुन्यांची वकिली करतो: माणूस म्हणजे रक्त, नसा आणि आजोबा-पणजोबांनी ढोसलेली दारू, एवढं सांगून गुन्हेगाराला मोकळा सोडतो. पहिल्या आरोपात आता काही दम उरलेला नाही. दुसरा मात्र चांगले जाणते वाचकही करतात, आणि तो मला साफ उलटा वाटतो. 'रागाच्या भरात घडलं' ही जी सबब आहे, तिच्याविरुद्ध झोलाच्या दोन कादंबऱ्यांइतकं पक्कं आरोपपत्र निदान माझ्या वाचनात तरी नाही. ही सबब काही एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमध्ये राहून गेलेली नाही. 'चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून' हा मथळा आपण सकाळच्या चहाबरोबर वाचतो आणि पान उलटतो.

पहिली कादंबरी 'तेरेझ राकँ', 1867 सालची. ती आली तेव्हा लुई उलबाक नावाच्या समीक्षकाने 'फेरागुस' या टोपणनावाने 'ल फिगारो' दैनिकात तिच्यावर तोफ डागली. लेखाचं शीर्षकच 'सडकं साहित्य' असं होतं आणि कादंबरीला त्याने चिखल-रक्ताचं डबकं म्हटलं होतं. झोला तेव्हा सत्तावीस वर्षांचा, अंगात रग असलेला. दुसऱ्या आवृत्तीला, 1868 साली, त्याने प्रस्तावना जोडली आणि तिथेच स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. मला स्वभाव नव्हे, प्रकृती अभ्यासायच्या होत्या, असं त्याने लिहिलं. माझी दोन्ही पात्रं इच्छास्वातंत्र्य नसलेली जनावरं आहेत. त्यांना होतो तो पश्चात्ताप नव्हे, शरीरातला बिघाड आहे. शल्यविशारद प्रेतावर जे करतो ते मी दोन जिवंत देहांवर केलं. एवढी कबुली लेखकाकडूनच मिळाल्यावर विरोधकांना आणखी काय हवं? झोला म्हणजे खुन्यांचा वकील, हे तेव्हापासून ठरूनच गेलं.

पण प्रस्तावना हे आरोपीने आपल्या बचावात दिलेलं निवेदन असतं. पुरावा पुस्तकात असतो. तो पाहू.

पॅरिसमधली एक अंधारी, ओलसर गल्ली, तिच्यात सुई-दोरा, टोप्या-मोजे विकणारं दुकान. वर घर. घरात मादाम राकँ, तिचा आजारी मुलगा कामीय आणि तिची भाची तेरेझ. तेरेझ लहानपणापासून या मुलाच्या खोलीत, त्याच्या औषधांच्या वासात वाढली. आजारी नसतानाही तिला त्याची औषधं घ्यावी लागत. एकविसाव्या वर्षी तिचं त्याच्याशीच लग्न लावून दिलं; तिला कुणी विचारलं नाही, तिनेही नाही म्हटलं नाही. मग कामीयचा एक जुना ओळखीचा घरात येऊ-जाऊ लागतो. लोराँ. शेतकऱ्याचा धडधाकट, आळशी मुलगा. रेल्वेच्या कचेरीत कारकुनी करतो, चित्रकलेचा नाद करून झालेला आहे. प्रकरण सुरू होतं, ते भडकतं, आणि मग एका रविवारी सीन नदीत होडीतून लोराँ कामीयला पाण्यात फेकून देतो. बुडण्याआधी कामीय त्याच्या मानेचा लचका तोडतो. ही खूण पुढे कादंबरीभर ठसठसत राहते.

कथा एवढ्यात सांगितली की वासनेचा भडका आणि त्यातून खून, असं सरळ चित्र उभं राहतं. कादंबरीत मात्र या दोन गोष्टींच्या मध्ये जे आहे ते फार महत्त्वाचं आहे. मध्ये आहेत गुरुवार.

दर गुरुवारी संध्याकाळी या घरात डॉमिनोचा डाव रंगतो. चहा होतो. पाहुण्यांत मिशो नावाचे निवृत्त पोलीस अधिकारी, पोलीस खात्यातच असलेला त्यांचा मुलगा, सून आणि ग्रिव्हे नावाचा एक म्हातारा कारकून. एका गुरुवारी मिशो आपल्या नोकरीतले किस्से सांगत बसतात. किती खून उघडकीस येतच नाहीत, किती खुनी उजळ माथ्याने फिरतात! ग्रिव्हेला ते पटत नाही. शेजारी बसून लोराँ आणि तेरेझ ऐकत असतात. खुनाची कल्पना त्यांच्या मनात रुजते ती बिछान्यात पेटलेल्या रक्तातून जेवढी, तेवढीच या चहाच्या टेबलावरून. त्यानंतर जे होतं ते तर अगदीच हिशेबी आहे. होडी उलटी केली की अपघात वाटतो. जवळपासच्या होड्यांतली माणसं धावत येतात आणि आपण सगळं डोळ्यांनी पाहिलं असं सांगू लागतात. लोराँ पोलिसांकडे एकटा जात नाही, मिशोंना बरोबर घेऊन जातो. मग हे दोघं एक वर्षाहून जास्त काळ एकमेकांपासून दूर राहतात, शहाण्यासारखे. तेरेझ झुरत असल्याचं दाखवते. शेवटी हिचं लग्न लावून द्यायला हवं, आणि लोराँपेक्षा चांगला नवरा कोण मिळणार, हे सुचतं कुणाला? मिशोंना!

यात 'क्षणाचा आवेग' कुठे बसवायचा ते मला कळत नाही. वर्षभर थांबणारा आवेग? लोराँच्या मनात तर प्रेमाइतकाच आयत्या बिछान्याचा आणि मादाम राकँच्या चाळीस हजार फ्रँकांचा विचार आहे. ते पैसे पुढे तेरेझच्या नावावर होतातही. हा मजकूर झोला कुठेही दडवत नाही. प्रस्तावनेत जनावर म्हणून ओळख करून दिलेला हा माणूस कादंबरीत कारकुनासारखा बेरजा-वजाबाक्या करताना दिसतो.

पुढे मादाम राकँला अर्धांगाचा झटका येतो. हलता येत नाही, बोलता येत नाही. आणि तिच्यासमोरच भांडताना हे दोघं सगळं बरळतात. आपल्या मुलाचे मारेकरी आपल्याला भरवतायत, हे तिला कळतं. एका गुरुवारी सगळा जीव एका बोटात आणून ती टेबलावरच्या मेणकापडावर अक्षरं रेखू लागते. 'तेरेझ आणि लोराँ यांनी…' एवढं होतं आणि हात गळून पडतो. समोर निवृत्त पोलीस अधिकारी बसलेले आहेत. पण वाक्य पुरं करतो ग्रिव्हे: 'यांनी माझी छान काळजी घेतली, असं म्हणायचंय त्यांना!' सगळे माना डोलावतात. फाशीला पुरेशी साक्ष टेबलावर पडलेली असताना भल्या माणसांना ती वाचता येत नाही, कारण त्या घराबद्दलचं त्यांचं मत आधीच ठरलेलं आहे. मला विचाराल तर या कादंबरीतलं सगळ्यात भयंकर पान हेच. नदीतला खून याच्यापुढे फिका पडतो.

आता दुसरी कादंबरी, 'ला बेत युमेन', म्हणजे माणसातलं जनावर. 1890 सालची. रूगाँ-माकार घराण्याच्या वीस कादंबऱ्यांच्या मालिकेतली ही सतरावी. पॅरिस ते ल हाव्र या रेल्वेमार्गावर ती घडते. ती लिहिण्यासाठी झोलाने इंजिनावर उभं राहून प्रवास केला होता आणि रेल्वेच्या कामाची बारीकसारीक माहिती गोळा केली होती. त्या टिपणांचं कौतुक बरेच लोक करतात. ती टिपणं कशासाठी होती, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

पहिलं प्रकरण घ्या. सँ-लाझार स्टेशनवर नजर पडते अशी वरच्या मजल्यावरची एक खोली. ल हाव्रचा उपस्टेशनमास्तर रूबो बायकोची वाट बघतोय. ती, सेव्हरीन, बाजारहाट करून येते. नवऱ्यासाठी तिने 'बाँ मार्शे' या मोठ्या दुकानातून एक चाकू आणलाय, कारण त्याचा जुना हरवलाय. ती हसत हसत त्याच्याकडून एक पैसा मागून घेते. धारेची वस्तू फुकट दिली तर प्रेम तुटतं, असा तिकडचा समज. दोघं जेवायला बसतात आणि त्या नव्या चाकूने पाव कापतात. लाडात येऊन बोलता बोलता सेव्हरीनच्या तोंडून निघून जातं की बोटातली सापाची अंगठी ग्रांमोरँने सोळाव्या वाढदिवसाला दिली. आधी तिने ती आईची म्हणून सांगितली होती. ग्रांमोरँ म्हणजे बडं प्रस्थ, निवृत्त न्यायाधीश, रेल्वे कंपनीच्या संचालकांपैकी, सेव्हरीनचा पालक आणि या लग्नाला हुंडा देणारा. रूबोच्या डोक्यात लखकन प्रकाश पडतो. म्हाताऱ्याने त्या पोरीला, आपल्या छपराखाली वाढणाऱ्या मुलीला, वापरलं होतं.

इथे राग खरा आहे. झोला तो लपवत नाही आणि गोडही करत नाही. रूबो बायकोला मार मार मारतो. कबुली मिळेपर्यंत, आणि मिळाल्यावरही. जिच्यावर अन्याय झाला तिलाच मार बसतो, हे लक्षात घ्या. रूबोला दुःख तिच्या भोगाचं नाही. आपल्याला उष्टं मिळालं, याचं आहे.

पण खून त्या खोलीत होत नाही. राग उतरणीला लागतो तसा हा माणूस विचार करू लागतो, आणि विचार करतो तो रेल्वेच्या माणसासारखा. खाली गाड्या ये-जा करतायत. तो बायकोच्या हातात लेखणी देऊन ग्रांमोरँला चिठ्ठी लिहायला लावतो: आज संध्याकाळी साडेसहाच्या एक्सप्रेसने निघा, रुआँ येईपर्यंत कुणाला दिसू नका. कुठल्या स्टेशनवर गाडी किती थांबते, डब्याच्या बाहेरच्या पायरीवरून चालत्या गाडीत एका डब्यातून दुसऱ्यात कसं जाता येतं, कुठल्या फलाटावर ओळखीच्या माणसाला तोंड दाखवलं की आपण आपल्याच डब्यात होतो असं सिद्ध होईल, हे सगळं त्याला पाठ आहे. रुआँ सुटल्यावर, पुढे बारांतँ येण्याआधी, तो चाकू ग्रांमोरँच्या गळ्यात जातो. दरोडा वाटावा म्हणून घड्याळ आणि दहा हजार फ्रँक काढून घेतले जातात. पैसे ल हाव्रच्या घरात फरशीखाली दडवतात. पुढे रूबो त्यातलेच काढून जुगार खेळतो. आणि तो चाकू, पैसा घेऊन भेट दिलेला, पुढे एका रात्री सेव्हरीनच्याच गळ्यात जातो. मारणारा रूबो नसतो, तिचा प्रियकर जाक लांतिए असतो.

म्हणून मी म्हणतो, रेल्वेची ती टिपणं सजावट नव्हेत. संताप आणि खून यांच्यामध्ये वेळापत्रक असतं, हे झोलाने दाखवलं. राग आंधळा असतो म्हणतात. रूबोच्या रागाला एक्सप्रेसची वेळ बिनचूक कळत होती.

झोलाचं सगळंच मला मान्य आहे असं नाही. जाक लांतिए हे पात्र मला पटत नाही, म्हणजे पात्र म्हणून पटतं, त्यामागचा सिद्धांत पटत नाही. बाईची उघडी मान दिसली की त्याला सुरा खुपसावासा वाटतो, आणि कारण काय, तर दारूड्या पूर्वजांचं बिघडलेलं रक्त. आनुवंशिकतेचा हा पुळका त्या काळात सगळीकडे होता; इटलीत लोम्ब्रोसो या गुन्हेगारीच्या अभ्यासकाने 1876 मध्ये 'जन्मजात गुन्हेगारा'ची कवटी, जबडा, कान मोजायला घेतले होते. झोलाने त्याला प्रयोगशाळेचा आव आणला. पण प्रयोग किती शास्त्रीय होता पाहा. 'लासोम्वार' या 1877 च्या कादंबरीत जेर्व्हेझला, म्हणजे जाकच्या आईला, थोरल्या लांतिएपासून झालेली दोन मुलं आहेत, क्लोद आणि एतिएन. जाक नावाचं तिसरं पोर तिथे नाहीच. खुनी म्हणून आधी एतिएनचाच विचार होता. पण तोवर 'जेर्मिनाल' या कादंबरीत तो संपकऱ्यांचा नायक होऊन बसलेला, त्याच्या हातात सुरा शोभेना. मग झोलाने तेरा वर्षांनी त्या कुटुंबात आणखी एक भाऊ घुसवला. रक्ताचा अटळ नियम म्हणायचा, आणि रक्त कमी पडलं की नवीन पोर जन्माला घालायचं! हा लेखकाचा हक्क आहे, माझी तक्रार नाही. मात्र याला विज्ञान म्हणू नये.

गंमत अशी की 'जन्मजात गुन्हेगार' या कल्पनेची सगळ्यात सणसणीत टर याच कादंबरीत आहे. काब्यूश नावाचा खाणकामगार, आडदांड, पूर्वी शिक्षा भोगून आलेला, दिसायला रानटी. आणि मनाने या सगळ्या कादंबरीत सर्वांत मऊ. तपास करणाऱ्या दनिझे या न्यायाधीशाला त्याचा चेहरा बघूनच खात्री पटते. रूबो अखेर खरं बोलतो: ग्रांमोरँला मी मत्सरापोटी मारलं. तर दनिझे त्यावर विश्वास ठेवायला तयार नाही. लग्नाआधीच्या गोष्टीसाठी एवढा मत्सर, आणि नंतर बायकोचं उघड प्रकरण चालू असताना स्वस्थ बसला? थाप! रूबोने पैशासाठी या रानगट काब्यूशकडून काम करून घेतलं, असा त्याचा सुबक सिद्धांत. न्याय खात्यातल्या कामी-लामोत या वरिष्ठ अधिकाऱ्याला खरं काय ते माहीत असतं, त्याच्याकडे सेव्हरीनच्या हातची चिठ्ठीच असते. ग्रांमोरँची लफडी बाहेर आली तर सरकारची शोभा होईल, म्हणून तो ती जाळून टाकतो. रूबो आणि काब्यूश दोघांनाही जन्मभराची सक्तमजुरी होते. सेव्हरीनचा खरा मारेकरी जाक साक्षीदार म्हणून साक्ष देऊन घरी जातो.

तर अशा लेखकाने खुन्यांना सूट दिली म्हणे. सूट द्यायला तिकडे वेगळी मंडळी बसलेली होतीच, ती कायद्याच्या पुस्तकात आणि ज्युरीच्या बाकांवर.

नेपोलियनच्या काळातल्या, 1810 च्या फ्रेंच दंडसंहितेचं कलम 324 असं सांगत होतं: नवऱ्याने बायकोला आपल्या घरात परपुरुषाबरोबर रंगेहाथ पकडलं आणि त्याच क्षणी दोघांना मारलं, तर तो खून 'क्षम्य' धरावा. क्षम्य म्हणजे निर्दोष नव्हे, पण शिक्षा फारच कमी. बायकोने नवऱ्याला पकडलं तर? तिच्यासाठी असं काही नव्हतं. व्यभिचाराबद्दल बायकोला तुरुंग. नवऱ्याला, तेही राहत्या घरात रखेल ठेवली तरच, दंड. हे कलम रद्द झालं ते 1975 साली. छापखान्याची चूक नाही, एकोणीसशे पंच्याहत्तर. धाकटा अलेक्झांडर द्युमा या नाटककाराने 1872 मध्ये अशा बायकोचं काय करावं यावर एक पुस्तिका लिहून शेवटी सल्ला दिला होता: 'मारून टाक तिला.' त्याला कुणी सडका म्हटलं नाही. त्याला फ्रेंच अकादमीत बसवलं.

कलमाची चौकट अरुंद होती, पण ज्युरी दयाळू होत्या. वासनेपोटीचा गुन्हा असं एकदा वकिलाने ठसवलं की रडू, टाळ्या आणि सुटका. याचा कळस 1914 मध्ये झाला. अर्थमंत्री जोसेफ कायो यांच्या पत्नी आंरिएत यांनी 16 मार्चला 'ल फिगारो'च्या संपादकावर, गास्ताँ कालमेतवर, गोळ्या झाडल्या. तो त्यांच्या नवऱ्याच्या मागे हात धुऊन लागला होता आणि खासगी पत्रं छापत होता. बाईंनी त्याच दिवशी दुकानातून पिस्तूल घेतलं, दुकानातच ते चालवून पाहिलं, नवऱ्यासाठी चिठ्ठी लिहून ठेवली, कचेरीत जाऊन तासभर वाट पाहिली. कोर्टात बचाव असा की भावनांच्या लोंढ्यात इच्छाशक्तीच वाहून गेली, बायकांचं असंच असतं, पिस्तूल जणू आपलं आपणच उडालं. 28 जुलैला ज्युरीने त्यांना निर्दोष सोडलं. त्याच दिवशी ऑस्ट्रियाने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारल्यामुळे जगाचं लक्ष लगेच दुसरीकडे गेलं.

या खटल्यात बाईंचा वकील होता फेर्नां लाबोरी. देशद्रोहाच्या खोट्या आरोपात अडकवलेल्या ड्रेफ्यूस या लष्करी अधिकाऱ्याची बाजू घेतल्याबद्दल 1898 मध्ये झोलावर खटला झाला, तेव्हा ज्याने त्याचा बचाव केला होता, तोच. झोला तेव्हा हयात नव्हता, 1902 मध्येच गेला होता. असता तर काय म्हणाला असता, हे मी सांगू नये. पण तासभर बाकावर बसलेली ती बाई त्याच्या वहीत आली असती तर त्याने तो तास नक्कीच मोजला असता.

आता आपल्याकडे. भारतीय दंडसंहितेच्या कलम 300 चा पहिला अपवाद म्हणतो की गंभीर आणि अचानक चिथावणीमुळे स्वतःवरचा ताबा सुटून मारलं, तर तो खून नव्हे, सदोष मनुष्यवध. 2024 च्या 1 जुलैपासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही कलम 101 मध्ये तो जसाच्या तसा आहे. या अपवादाची आपल्याकडची सगळ्यात गाजलेली परीक्षा मुंबईत झाली. 27 एप्रिल 1959 ला नौदलातले कमांडर कावस नानावटी यांनी बायकोचे प्रियकर प्रेम आहुजा यांना गोळ्या घातल्या. बायकोने दुपारी या प्रेमप्रकरणाची कबुली दिली. मग नानावटींनी बायको-मुलांना सिनेमाला सोडलं, बोटीवर जाऊन रात्री एकट्याने अहमदनगरला गाडी न्यायची आहे असं सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या घेतल्या, आहुजांच्या कचेरीत चौकशी केली, आणि मग त्यांच्या घरी गेले. ज्युरीने आठ विरुद्ध एक मताने त्यांना निर्दोष ठरवलं. रस्त्यावर आणि वर्तमानपत्रांत गणवेशातल्या देखण्या, दुखावलेल्या नवऱ्याचा जयजयकार झाला. सत्र न्यायाधीशांना निकाल पटला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, तिथे जन्मठेप झाली. 24 नोव्हेंबर 1961 ला सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि कारण दिलं ते साधं होतं: दीड वाजता घर सोडलं, चार वीसला गोळ्या झाडल्या; मधल्या वेळात ताबा परत मिळवायला पुरेशी फुरसत होती, आणि मधली सगळी कृत्यं विचारपूर्वक केलेली आहेत.

हे वाचताना मला रूबोच आठवतो. न्यायाधीशांनी केलं ते झोलाने सत्तर वर्षं आधी केलं होतं: संताप आणि घाव यांच्यामधला वेळ उघडा करून आत काय भरलंय ते बघणं. नानावटींना पुढे 1964 मध्ये राज्यपालांकडून माफी मिळाली. लोकांच्या मनातल्या ज्युरीने तर त्यांना केव्हाच सोडलेलं होतं, आणि आजही त्या प्रकरणावर काही बनलं की ते बहुधा त्याच ज्युरीच्या बाजूने बनतं.

इथे एक पेच आहे आणि तो टाळून चालणार नाही. मधला वेळ मोजा, असं म्हणणाऱ्याला उलट प्रश्न येतो: मग ज्या बाईने दहा वर्षं मार खाल्ला आणि एका रात्री नवरा झोपल्यावर त्याला मारलं, तिचं काय? तिच्याही कृत्यात 'अचानक' काही नसतं. इंग्लंडमध्ये किरणजित अहलुवालिया यांच्याबाबत 1989 मध्ये नेमकं हेच झालं. वर्षानुवर्षांच्या छळानंतर त्यांनी नवऱ्याला पेटवलं, आणि चिथावणीचा बचाव टिकला नाही, कारण कायद्याला हवा होता तो तत्क्षणी फुटणारा राग. त्यांची खुनाची शिक्षा 1992 मध्ये रद्द झाली, ती वेगळ्या आधारावर, मानसिक स्थितीच्या. म्हणजे हा अपवाद मुळातच बलवान माणसाच्या रागाच्या मापाने शिवलेला आहे. ज्याला लगेच हात उचलता येतो त्यालाच तो अंगाला बसतो. जिला थांबावं लागतं, कारण समोरासमोर तिचं काही चालत नाही, तिला तो आखूड पडतो.

तेव्हा नुसतं घड्याळ पाहून भागत नाही, हे मला मान्य. त्या वेळात माणूस काय राखायला धडपडत होता, तेही पाहावं लागतं: जीव की मालकी. अहलुवालियांना जीव राखायचा होता. रूबोला मालकी राखायची होती. लोराँला तर दुसऱ्याची मालकी बळकावायची होती. इंग्लंडने 2009 च्या कायद्यात चिथावणीचा जुना बचाव काढून नवा आणला आणि त्यात जोडीदाराची लैंगिक प्रतारणा हे ताबा सुटण्याचं कारण म्हणून धरू नये असं लिहिलं. त्याच वर्षी न्यूझीलंडने चिथावणीचा बचाव पूर्णच रद्द केला. आपण 2018 मध्ये व्यभिचाराचं कलम 497 घटनाबाह्य ठरवलं, बायको ही नवऱ्याची मालमत्ता नाही असं सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, आणि नवी संहिता लिहिताना चिथावणीचा अपवाद मात्र उचलून तसाच ठेवला. सगळ्या गुन्हे-कायद्याची पुनर्बांधणी चालू असताना दोन ओळींचं स्पष्टीकरण तिथे जोडता आलं असतं: जोडीदाराचं दुसऱ्यावर प्रेम बसणं, तिने सोडून जाणं, नकार देणं, ही 'गंभीर चिथावणी' नव्हे, आणि सततचा छळ ही चिथावणी असू शकते, तो अचानक नसला तरी. ती संधी गेली. दुरुस्ती मात्र केव्हाही करता येते.

यावर मला नेहमी एक उत्तर मिळतं: माणसं यंत्रं नसतात, ताबा खरंच सुटतो. सुटतो, कबूल. पण तो कुणापुढे सुटतो? साहेबाने चारचौघांत अपमान केला तर रूबोचा ताबा सुटत नाही. तो पॅरिसला आलेला असतो तेच मुळी एका बड्या अधिकारी प्रवाशाशी झालेल्या वादाचा खुलासा द्यायला, आणि तिथे तो मान खाली घालून बोलणी ऐकून घेतो. त्याच दिवशी खोलीत बायको एकटी सापडते तेव्हा मात्र सुटतो. जिथे सुटला तरी चालेल हे ठाऊक असतं तिथेच सुटणाऱ्या ताब्याला कायद्याने सवलत द्यायची कशासाठी, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

वर्तमानपत्रांबद्दल एकच. 'एकतर्फी प्रेमातून', 'संशयावरून', 'रागाच्या भरात' ही कारणं बातमीत छापली जातात ती बहुतेक वेळा आरोपीने पोलिसांना सांगितलेली असतात. मेलेली बाई आपली बाजू मांडायला नसते. बातमीदाराने त्याच बातमीत आणखी चार ओळी टाकाव्यात: कोयता कधी आणि कुठून घेतला, तिने आधी तक्रार दिली होती का, दिली असेल तर पोलीस ठाण्यात तिचं काय झालं, घरचे काय म्हणून तिला परत पाठवत होते. ही माहिती बहुधा त्याच ठाण्यात, त्याच फाइलमध्ये असते.